चौशिंग्याच्या कानात

अनसिंगपासून दोन कोस चालून गेलं की शेतं संपतात आणि सागाचं, धावड्याचं रान सुरू होतं. त्या कडेला रामराव पाटलाचं ज्वारीचं वावर होतं. वावराच्या रानाकडच्या बांधावर चार बल्ल्या रोवून बांधलेला माळा होता. १९१६ सालच्या भादव्यापासून त्या माळ्यावर रुख्मिणी बसायची. सकाळी दव असतानाच चढायची आणि दिवस मावळायच्या आत उतरायची. रात्रीच्या राखणीला पाटलाचे गडी असत. पाखरं उडवायची आणि रानातून उतरणारी हरणं, रोही म्हणजे नीलगाई गोफणीनं परतवायची, हे दिवसाचं काम बाईमाणसाकडे होतं.

तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा जगदेव हा जनावरांत रमणारा माणूस. कुणाचा मारका बैल त्याच्या हाती आला की दोन दिवसांत गरीब व्हायचा. माणसांशी मात्र तो कामापुरतंच बोलायचा. त्या वैशाखात वाशीमच्या बाजारात सरकारी माणसं उतरली होती. समुद्रापलीकडं बसऱ्याच्या लढाईवर खेचरं हाकायला माणसं पाहिजेत, अशी दवंडी फिरली. जगदेव गोऱ्हा विकायला बाजारात गेला होता, तो नाव लिहवूनच परत आला. चौथ्या दिवशी निघाला. निघताना आईच्या पाया पडला आणि बायकोला म्हणाला की बुढीकडे पाहजो. तिच्याशी त्याचं बोलणं तेवढंच झालं.

बसऱ्याहून दोन कार्डं आली. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. पाटलाच्या कारकुनानं ती वाचून दाखवली. दोन्हींत मजकूर सारखाच होता: मी खुशाल आहे, ऊन फार आहे, खेचरं चांगली आहेत. तिसरं कार्ड आलं नाही.

घरात आता दोघीच. सासू सोजरबाई मोतीबिंदूनं आंधळी झाली होती. ती दिवसभर दारातल्या दगडावर बसून राहायची. वाटेवरची पावलं तिला पुरती ओळखू यायची. रुख्मिणी अंगणात शिरली की म्हातारी एकच शब्द विचारायची, "खबर?" रुख्मिणी म्हणायची, "नाही." मग भाकरी थापायची, दोघी जेवायच्या. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. लढाई संपल्याचं पाटलाच्या ओट्यावर कळलं. त्याच सुमारास मानमोडीचा ताप आला आणि गावातली कितीतरी घरं निम्मी झाली. दिवसाला पाच-पाच माणसं जात होती, तेव्हा बसऱ्याला गेलेल्या एकाची आठवण कोण काढणार? सोजरबाई मात्र रोज विचारायची आणि रुख्मिणीला रोज उत्तर द्यावं लागायचं. तिनं पुढं एकदा सांगितलं होतं की त्या दिवसांत तिला भुकेपेक्षा, उन्हापेक्षा त्या एका शब्दाची धास्ती वाटायची. संध्याकाळी गावाची वाट धरली की तिची पावलं जड व्हायची.

१९१९ सालचा कार्तिक असेल. दुपारी ती माळ्यावरून उतरून नाल्यावर पाणी प्यायला गेली. समोरच्या काठावर एक हरीण उभं होतं. बकरीएवढं, भुरकट तांबूस रंगाचं. त्याच्या डोक्यावर चार शिंगं होती: कानांजवळ दोन टोकदार आणि कपाळावर दोन अंगठ्याएवढी. एका कानाची कड फाटलेली होती. त्यानं पाणी पिताना एकदा वर पाहिलं, पुन्हा प्यालं आणि उड्या न मारता, पाय उचलून उचलून टाकत झुडपात गेलं. एकटंच होतं. मागं-पुढं कळप नव्हता.

त्या संध्याकाळी सोजरबाईनं विचारायच्या आधीच रुख्मिणी बोलली.

"आज नाल्यावर एक हरीण पाह्यलं, आत्याबाई. चार शिंगांचं."

म्हातारीनं मान वळवली. "चार शिंगांचं हरीण कुठं असते काय?"

"असते. मीनं पाह्यलं."

त्या दिवशी खबर विचारायचं राहून गेलं. सोजरबाई जेवताना विचारत राहिली की शिंगं कशी होती, सरळ की वळणाची, रंग कसा होता, ते पळालं कसं नाही. रुख्मिणी सांगत गेली. तीन वर्षांत त्या घरात दोघींचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारातून प्रश्न आला तो असा: "दिसलं काय?" ते दिसलं नव्हतं. पण सकाळी पडीक जमिनीवर काळवीट आले होते. त्यांतला म्होरक्या पाठीनं काळा कुळकुळीत, पोटानं पांढरा, आणि गोफणीचा दगड पडल्यावर त्यानं अशी उडी घेतली होती की तुरीच्या वरून पलीकडे गेला. रुख्मिणीनं म्हातारीला 'नाही' म्हणायचं टाळलं. दिसलं, म्हणाली. आज त्याची पाठ काळी होती, पोट पांढरं होतं आणि त्यानं माणसाच्या डोक्यावरून उडी घेतली. काल तांबूस होतं ना, असं म्हातारीनं बरोबर धरलं. रुख्मिणी म्हणाली की ते सावलीत एक असतं अन् उन्हात एक.

मग ते जनावर वाढतच गेलं. एके दिवशी ज्वारीत रोही शिरला. करड्या निळ्या अंगाचा, घोड्याएवढा. ओरडली तरी हलेना, तिच्याकडे सरळ पाहत उभा राहिला. त्या दिवशी चौशिंग्या घोड्याएवढा झाला आणि माणसाच्या डोळ्याला डोळा देऊ लागला. एकदा धुकं असताना रानातून भेकर ओरडलं. भेकराचं ओरडणं कुत्र्याच्या भुंकण्यासारखं असतं, पण त्यात कुणाला तरी हाक मारल्यासारखा सूर असतो. तेव्हापासून चौशिंग्या हाक मारू लागला. रुख्मिणी जे जे पाही, त्यातलं थोडं घरी नेई. तिला त्यात लबाडी वाटत नव्हती. दिवसभर बारा-बारा तास माणूस दिसत नसे, जनावरंच दिसत. सांगण्यासारखं तिच्याजवळ दुसरं होतं काय?

त्याच्या अंगची शक्ती मात्र सोजरबाईच्या तोंडून निघाली. एका संध्याकाळी कानांचं बोलणं चाललं होतं.

"एवढाले कान कायले देले असतीन त्याले?"

"लांबचं आयकाले," रुख्मिणी चुलीत काडी सारत म्हणाली.

"किती लांबचं? बसऱ्याचं आयकू येत असन?"

रुख्मिणीनं फुंकर घातली. "येत असन."

म्हातारीनं आपल्याच कानाची पाळी चाचपली. मग म्हणाली, "मंग त्याच्या कानात कोनाचं नाव सांगतलं, त त्या मानसाले तिकडं आयकू जात असन."

रुख्मिणीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सोजरबाईला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून दारातला शब्द बदलला. "सांगतलं काय नाव?" असं ती विचारायची, आणि रुख्मिणी म्हणायची, "सांगतलं." हे उत्तर द्यायला तिला सोपं गेलं. एकदा तर ते फाटक्या कानाचं हरीण खरोखरच नाल्यावर दिसलं, तेव्हा तिनं काठावर बसून हळूच 'जगदेव' म्हणून पाहिलं. हरणानं कान फिरवले आणि ते निघून गेलं. आपण येड्यासारखं काय करून राहिलो, असं वाटून तिनं आजूबाजूला पाहिलं. तिथं पाहणारं कुणीच नव्हतं.

शेजारची कमलीबाई विस्तव मागायला यायची. तिनं हे बोलणं दोन-तीनदा ऐकलं. तिचा नवरा बबनराव भावकीत भांडून रागानं नागपूरकडं निघून गेला होता, त्याला चार महिने झाले होते. एक दिवस कमलीबाई न सांगताच माळ्याखाली आली आणि म्हणाली की माझ्याही माणसाचं नाव सांग. रुख्मिणी नको म्हणाली. तेव्हा कमलीबाईनं नाल्याच्या काठी हिवराच्या झाडाखाली एक दगड उभा केला, त्याला गूळ लावला आणि रानाकडं तोंड करून स्वतःच नवऱ्याचं नाव घेतलं. नवव्या दिवशी बबनराव घरी आला. गिरणीत काम मिळालं नव्हतं आणि हिवतापानं अंगात दम राहिला नव्हता, म्हणून आला. पण गावानं नववा दिवस तेवढा लक्षात ठेवला.

त्यानंतर ते रुख्मिणीच्या हातात राहिलं नाही. ज्यांचं कुणी गेलं होतं, हरवलं होतं, रुसलं होतं, ती माणसं हिवराखाली येऊ लागली. कुंभारानं चार शिंगांची मातीची हरणं करायला घेतली. त्यातलं एखादं शिंग गाडीत येता येताच मोडायचं, तरी लोक ते तसंच ठेवायचे. नाव सांगायचं ते मातीच्या हरणाच्या कानाला तोंड लावून. कुणी चौशिंगबाबा म्हणू लागलं. तो काळा की तांबडा, घोड्याएवढा की बकरीएवढा, यावर पारावर वाद होत आणि शेवटी लोक रुख्मिणीला विचारायला येत.

तिनं एकदा सगळं सांगून टाकायचं ठरवलं. कमलीबाईला विहिरीवर गाठून म्हणाली, "कमले, ते मीनं रचलं. बुढीच्या जिवाले बरं वाटावं म्हनून."

कमलीबाई घागर विसळत होती. तिनं शांतपणे म्हटलं, "कोनाच्या तरी तोंडूनच निंगते ना ते. तुह्या तोंडून निंगालं."

कमलीबाईनं रुख्मिणीची घागर आधी भरू दिली, आणि बाकीच्या बायाही बाजूला सरकल्या. पूर्वी याच बाया तिच्याशी हसत, टोमणे मारत, नवऱ्यावरून बोलत. आता तिच्यासमोर त्या पदर सावरून बोलायच्या. खळ्यावर जेवायला बसल्या की तिच्यासाठी जागा सोडायच्या, आणि ती जागा एवढी मोठी असायची की ती एकटीच बसल्यासारखी व्हायची. सगळ्या गावाला त्या हरणाचा आधार झाला होता. त्यातली एकच बाई अशी होती की जिला तो घेता येत नव्हता, कारण त्याचा कोणता अवयव कुठून आणला ते तिला माहीत होतं.

तिचं कामही अवघड होऊन बसलं. हरणं हाकलायला तिला ठेवलेली, आणि आता तिनं गोफण उचलली की हिवराखालचे लोक हात जोडायचे. दोन हंगाम काळविटांनी ज्वारी फस्त केली. रामराव पाटील वाईट माणूस नव्हता. तो माळ्याखाली येऊन म्हणाला की तुझ्या देवाशी माझं भांडण नाही, पण मला राखण पाहिजे. गोफण मार, नाहीतर दुसरी बाई पाहतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोफण मारली. लोक थोडे दिवस कुजबुजले, मग म्हणू लागले की तिला मुभा आहे. तिचं खरं बोलणं आणि तिचं वागणं, दोन्ही लोकांनी असं त्या हरणाच्याच पदरात घातलं.

१९२२ च्या पौषात पोहरादेवीकडच्या तांड्यातली एक म्हातारी आपल्या मुलाला घेऊन नवस फेडायला आली. मुलाचं नाव प्रेमसिंग. तिशीचा, उंच, एका पायानं जरा ओढत चालणारा. तोही बसऱ्याला होता. आई हिवराखाली बायांमध्ये बसली आणि तिथं तिनं ऐकलं की या ठिकाणी पहिलं नाव घेतलं गेलं ते जगदेवचं, अन् त्याची बायको ती माळ्यावर बसलेली. तिनं हे मुलाला सांगितलं. प्रेमसिंग थोडा वेळ बिडी ओढत उभा राहिला, मग बांधानं चालत माळ्यापाशी आला.

"जगदेव तुमचा कोन?" त्यानं खालून विचारलं.

"घरधनी."

"खेचरावाला? डाव्या भिवईवर खूण हाय, तो?"

रुख्मिणी माळ्यावरून उतरली.

प्रेमसिंगनं जे सांगितलं ते असं. तो आणि जगदेव तीन वर्षं एकाच तुकडीत होते. १९२० साली मुंबईच्या बंदरावर दोघं बरोबरच उतरले. जगदेवला घोडागाडीच्या एका तबेल्यात काम मिळालं. प्रेमसिंगचा पाय दुखावलेला होता, म्हणून तोही महिनाभर तिथंच राहिला. तबेलेवाल्याची एक विधवा मुलगी होती. महिना संपायच्या आत जगदेव तिच्या खोलीत राहायला गेला. मागच्या साली एक ओळखीचा माणूस मुंबईहून आला, त्यानं सांगितलं की त्यांना मुलगा झाला.

"तब्येत?" रुख्मिणीनं विचारलं.

"चांगली हाय. अंगानं भरला."

मग तो खाली पाहत म्हणाला, "मीनं निंगताना त्याले म्हनलं, गावी तुही माय हाय ना. तो म्हनला, हाय."

"मंग?"

"मंग काई नाही. घोडं चोळत राह्यला."

प्रेमसिंगला वाटलं होतं की बाई रडेल, म्हणून तो थांबून राहिला. ती रडली नाही. तिनं त्याच्या आईसाठी ओटीभर ओला हुरडा काढून दिला आणि तो गेल्यावर पुन्हा माळ्यावर चढली. ज्वारीवर पोपटांचा थवा उतरला होता. तिनं तो उडवला नाही.

तीन दिवस तिनं घरी काही सांगितलं नाही. आणखी दहा वर्षं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, एवढं तिला 'सांगतलं' म्हणणं जमू लागलं होतं. पण चौथ्या दिवशी सोजरबाईनं नेहमीसारखं "सांगतलं काय नाव?" असं विचारलं, आणि तिच्या तोंडून 'सांगतलं' निघेना.

"त्यानं आयकलं, आत्याबाई," ती म्हणाली.

सोजरबाई दगडावरून उठून उभी राहिली. "जित्ता हाय?"

"जित्ता हाय. मुंबईत हाय. दोन सालं झाले. तिकडं बाई हाय, पोरगं हाय."

म्हातारी उभीच राहिली. तिचा हात भिंत चाचपत होता. मग म्हणाली, "मुंबईहून त अकोल्यापावतर गाडी हाय."

"हाय."

"आयकून नाही आला."

"नाही."

सोजरबाई खाली बसली. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ताकात भाकर कुस्करून घेतली आणि खाता खाता म्हणाली की आता त्याचं नाव नको सांगत जाऊ, ते जनावर बिचारं उगाच दमते. चौशिंग्यावरचा तिचा विश्वास तसूभर हलला नव्हता. हरणानं आपलं काम केलं होतं. तिचा धीर सुटला होता तो पोटच्या पोराबद्दल.

पंधरा दिवसांनी तिनं हिवराखाली न्यायला सांगितलं. एवढ्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती. पाटलानं आपली बैलांची दमणी दिली. रुख्मिणीनं तिला हाताला धरून उतरवलं, दगडापाशी बसवलं. म्हातारीनं मातीचं एक हरीण हातात घेऊन सगळं चाचपून पाहिलं, शिंगं मोजली. बाकीच्यांना दूर जायला सांगितलं. मग हरणाच्या कानाशी तोंड नेऊन ती मोठ्यानं म्हणाली, "रुख्मिणी."

रुख्मिणी तिच्या शेजारीच उभी होती. तिनं वाकून म्हटलं, "हे काय करून राह्यल्या, आत्याबाई? मी तुमच्या जवळच त हावो."

"जवळ हायेस, मालूम हाय मले," सोजरबाई म्हणाली. "मी गेल्यावर तुह्यं नाव घेनारं कोनी नाही राहनार. एकदा घेऊन ठू दे."

तिनं ते नाव आणखी दोनदा घेतलं. रुख्मिणीच्या ओठांवर आलं होतं की हे सगळं खोटं आहे, यातलं काही कुठं जात नाही. लोक लांबून पाहत होते. तिनं सासूला उचलून दमणीत बसवलं आणि घरी आणलं. आपल्याला त्या वेळी काय वाटलं ते तिला पुढंही नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणायची की लग्न होऊन आल्यापासून त्या घरात आपलं नाव कुणी असं सबंध घेतलं नव्हतं. नवरा 'अवो' म्हणायचा, सासू 'पोरी' म्हणायची.

सोजरबाई पुढच्या थंडीत गेली. तेराव्याला मुंबईला कळवायचं का, असं पाटलानं विचारलं. रुख्मिणी म्हणाली की त्याचा पत्ता कुणाजवळ आहे?

आता अंगणात शिरल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही. सुरुवातीला ती सवयीनं दिवसभर काही ना काही जमवायची: सायाळीचा गळलेला काटा, रोह्याच्या पिल्लाचं धडपडणं, दोन काळविटांची झुंज. दाराशी आल्यावर लक्षात यायचं. मग तिनं दार उघडून आत जायच्या आधी जरा वेळ त्या दगडावर बसायचा रिवाज केला. तिच्यासाठी तेवढीच विश्रांती होती.

१९२६ साली पाटलाकडं बाहेरगावचे पाहुणे शिकारीला आले. दुपारी रानात दोन बार झाले. संध्याकाळी त्यांनी गावात जे आणलं ते बकरीएवढं तांबूस हरीण होतं, चार शिंगांचं. लोक गोळा झाले, पण घाबरलं कुणी नाही. कमलीबाईच म्हणाली की हे साधं जनावर आहे, बाबा असा बंदुकीनं मरतो काय? तो काळा आहे, घोड्याएवढा आहे. सगळ्यांना ते पटलं. रुख्मिणी पुढं झाली आणि तिनं पाहिलं. एका कानाची कड फाटलेली होती. सात वर्षांत ते तिला मोजून अकरा वेळा दिसलं होतं. तिनं त्याचे डोळे मिटायचा प्रयत्न केला, पण मिटेनात. पाहुण्यांपैकी एक जण हसून म्हणाला की बाईला शिंगं पाहिजेत का. ती घरी आली आणि दोन दिवस माळ्यावर गेली नाही. गावात कुणाला दुःख झालं नव्हतं, त्यामुळं तिला ते कुणाजवळ बोलता आलं नाही. त्या आठवड्यात हिवराखाली नेहमीपेक्षा जास्तच लोक आले, कारण पोळ्याचा सण जवळ होता.

पुढं ते सगळं आपोआपच ओसरलं. कुंभार म्हातारा झाला, त्याच्या मुलानं कौलांचं काम धरलं. नाल्याला मोठा पूर आला, त्यात दगड सरकला. पत्रं लिहिणारी मुलं गावात झाली, तेव्हा लांब गेलेल्यांना पत्रं जाऊ लागली. कुणी बाबाला टाकलं नाही, फक्त येणं कमी झालं. रुख्मिणी १९३९ पर्यंत माळ्यावर बसली. त्या वर्षी उतरताना पायरीचा बांबू मोडला आणि तिचा गुडघा गेला. चढणं बंद झालं, मग पाटलाच्या मुलानं दुसरी बाई लावली. कमलीबाई म्हणाली की माझ्याकडं राह्य. रुख्मिणी राहिली नाही. कमलीबाईच्या घरी तिला जेवायला आधी वाढायचे, आणि तिला ते सहन होत नव्हतं.

ती वाशीमला आली. तिथं हुकूमचंद म्हणून धान्याचे एक जैन व्यापारी होते. त्यांच्या घरी धान्य निवडायला बसून काम करणारी बाई पाहिजे होती. त्यांची वडील बहीण जतनबाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती, आणि तूर, मूग, गहू तीच निवडून घ्यायची. एकही किडा धान्याबरोबर दळला जाऊ नये, अशी तिची नजर असायची. दोघी सकाळपासून सुपं घेऊन समोरासमोर बसत. जतनबाईला त्या गावाचं, हिवराचं, कशाचंच काही ठाऊक नव्हतं. तिला रुख्मिणी म्हणजे गुडघा गेलेली एक बाई, एवढंच माहीत.

पहिल्या पावसाळ्यात कधीतरी जतनबाईनं सहज विचारलं की एवढी वर्षं रानात एकटी काय करत होतीस. रुख्मिणीनं सांगायला सुरुवात केली आणि ते सांगणं चार-पाच दिवस चाललं. शिंगं कुणाची, पाठ कुणाची, उंची कुणाची, आवाज कुणाचा, तिनं एकेक करून वेगळं काढून दाखवलं. जसं निवडताना गहू एकीकडं, खडा एकीकडं. जगदेवचं सांगितलं, हिवराखालचं सांगितलं, फाटक्या कानाचंही सांगितलं. जतनबाईनं मध्ये फारसं विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली की ते फाटक्या कानाचं तेवढं मारायला नको होतं.

रुख्मिणीनं सूप खाली ठेवलं आणि ती रडली. तेरा-चौदा वर्षांत कुणी तसं म्हटलं नव्हतं.

तिथं ती सहा वर्षं होती. १९४५ च्या माघात तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ती गेली. हुकूमचंदांनी अनसिंगच्या बाजारला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर गावी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकटी कमलीबाई आली. पुरती पिकलेली, काठी टेकत. तोवर सगळं आटोपलं होतं. ती पडवीत जतनबाईसमोर बसली आणि सांगू लागली की ही बाई साधी नव्हती, हिच्या शब्दावर काळं हरीण चालून यायचं, घोड्याएवढं, चार शिंगांचं. माझा माणूस तिनंच नागपूरहून परत आणला.

जतनबाईनं ते सगळं ऐकून घेतलं, मध्ये कुठंही टोकलं नाही. दिवस मावळायच्या आत तिला जेवायला वाढलं आणि रुख्मिणीच्या अंगावरची गोधडी बांधून तिच्याबरोबर दिली.